हवेचं वजन

सिस्टरच्या घरात खोली भाड्यानं हवी असेल तर आधी वजन करून घ्यावं लागायचं. डिपॉझिट नाही, ओळखीचा माणूस नाही, आधार कार्डाची झेरॉक्सही नाही. अणदूरला पार्सल कंपनीच्या शाखेत बुकिंग क्लार्क म्हणून हजर झालो, त्या दिवशी बॅग घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बॅगेकडं पाहिलं आणि पडवीतलं वजनाचं मशीन पायानं पुढं सरकवलं.

“चप्पल काढ. उभा ऱ्हा.”

मी उभा राहिलो. एक्कावन्न किलो. सिस्टरनी मागच्या भिंतीवर खडूनं माझं नाव, गाव सोनारी, आणि वजन लिहिलं. माझ्या नावाच्या वरती दोन शिक्षिका, एक ग्रामसेवक आणि एक लाईनमन होते. लाईनमनच्या नावापुढं चांदणी काढलेली होती, कारण तो जाताना अकरा किलोनं वाढून गेला होता.

“दर एक तारखेला बघनार,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात ऱ्हाऊन कमी झालास तर खोली खाली करायची. उगं माझी बदनामी नको.”

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या डोक्यात गेलेला राग. मी आता परंड्याच्या शाखेत असतो. मध्यंतरी नव्या लोकांचं ट्रेनिंग होतं, तिथं आमच्या विभागीय साहेबांनी एक गोष्ट सांगितली. एक वेडी म्हातारी होती, तिची एक भंगार सायकल होती आणि ती सायकल बुक करणारा एक बावळट क्लार्क होता. सगळे पोट धरून हसले. बावळट क्लार्क मागच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता, हे त्यांना माहीत नव्हतं. मला जे म्हणायचं ते म्हणा. पण सिस्टरना वेडी म्हणायचं असेल तर आधी त्या काय होत्या ते ऐकून घ्या.

तुळजापूर तालुक्यात त्यांनी तीसएक वर्षं नर्स म्हणून काढली होती, आधी तामलवाडीला आणि मग अणदूरला. त्यांचं खरं नाव मला फक्त लाइट बिलावर दिसायचं. लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. लग्न झालं होतं आणि ते टिकलं नव्हतं, एवढं कळलं होतं. का टिकलं नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गळ्यात कायम टेप असायची. गरोदर बायकांची पोटं आणि पोरांचे दंड मोजायची ती कापडी टेप रिटायर झाल्यावरही गळ्यातून उतरली नव्हती. दूधवाल्याचं माप, दुकानातला नारळ, शेजाऱ्यानं पुढं सरकवलेलं कुंपण, सगळं त्या मोजायच्या. कुणी आकडा सांगितला की विश्वास ठेवायच्या नाहीत. “दुसऱ्यानं सांगितलेला आकडा म्हंजी उष्टं ताट,” असं म्हणायच्या. मी सोनारीचा, म्हणून मला माकड म्हणायच्या. आमच्या भैरवनाथाच्या देवळात माकडांचा मान मोठा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, त्यामुळं रागावता यायचं नाही.

आणि सायकल. काळी लेडीज सायकल, दांडीला वाक असलेली. पुढं हँडलखाली लोखंडाची चौकट वेल्डिंग करून घेतलेली होती. तिच्यात लशीचा निळा डबा घट्ट बसायचा, हिसका बसला तरी हलायचा नाही. चाळीस वर्षं ती त्यांच्याकडं होती, नोकरीभर तिच्यावरच त्या वस्त्या-वाड्या फिरल्या. सदुसष्टाव्या वर्षीही भाजी आणायला हायवेपर्यंत सायकलवर जायच्या. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, आणि सिस्टर मधनं बाजूला व्हायच्या नाहीत.

कोनाड्यात चहापत्तीचा एक जुना पत्र्याचा डबा होता. एकदा साखर समजून मी तो उघडला आणि बोट टोचून घेतलं. आत बाभळीचे काटे होते, निम्मा डबा भरून.

“तामलवाडीचे हायत,” सिस्टर म्हणाल्या. “पहिल्यांदा सायकलवर गेली तवा लोकांला बघवलं न्हाय. एक जन रोज माझ्या वाटंवर बाभळीच्या फांद्या आनून टाकायचा. रोज पंक्चर. म्या रस्त्यातच बसून पंक्चर काढायची, काटा डब्यात टाकायची आन् पुढं जायची.”

“कोण होता, कळलं नाही?”

“पहिल्याच दिशी कळलं. त्याच्या सुनंची तिन्ही बाळंतपनं म्याच केली.”

तक्रार का केली नाही, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तक्रार केली असती तर साहेबांनी बदली केली असती, त्यांची. काटे टाकणाऱ्याची थोडीच बदली होते?

त्या तिसऱ्या बाळंतपणातली पोर मोठी होऊन नर्स झाली. नोकरी कंत्राटी, पहिली नेमणूक गडचिरोली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात. तामलवाडीहून बघितलं तर महाराष्ट्राचं पार दुसरं टोक. ती दर रविवारी रेंजमध्ये आली की सिस्टरना फोन करायची. सिस्टर फोन स्पीकरवर ठेवायच्या, कारण दोन्ही हात भाकरीच्या पिठात असायचे. त्या रविवारी मी तिथंच चुलीपुढं ताट घेऊन बसलो होतो.

“सिस्टर, पाय सुजलेत. पाच वाड्या हायत, डबा खांद्याला लावून चालती. लांबच्या वाडीला पोचेस्तोवर बर्फ वितळतंय. परवा निम्मे डोस तसेच वापस आनले.” पोरीचा आवाज बसला होता. “आप्पा म्हनतेत राजीनामा दे. पंधरा दिसांत न्यायला येतो म्हनलेत.”

“तुला काय करायचंय?”

मग पोर म्हणाली, “मला ऱ्हायचंय.”

“वाट कसली हाय?”

“पायवाट. फटफटी जात न्हाय, सायकली जातेत.”

“कुनाच्या सायकली?”

“बाप्यांच्या.”

“बरं,” म्हणून सिस्टरनी पिठाच्या बोटानं फोन बंद केला. भाकरी तव्यावर करपली, तरी त्या पडवीतल्या सायकलकडं बघत बसल्या होत्या. करपलेली भाकरी मला वाढली आणि वर म्हणाल्या, “खा, पोट साफ होतं.”

दोन दिवसांनी पोरीचा बाप आला. पन्नाशीचा शेतकरी, टोपी हातात घेऊन बोलणारा. पण त्या दिवशी टोपी डोक्यावरच होती.

“सिस्टर, तुमी पोरीच्या डोक्यात भरवायलाव. तिथं रस्ता न्हाय, मानूस न्हाय. तरनीताठी पोर. उद्या काय झालं तर? पोरगी माझी हाय.”

“तुझीच हाय. नाळ म्या कापली एवढंच.”

“मी गाडी करून जानार आन् घेऊन येनार.”

सिस्टर उठल्या, कोनाड्यातला डबा आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. उघडला नाही. “तुझ्या बापानं काटं टाकलं, तू गाडी घेऊन चाललास. तुमच्या घरात बाईमानसाला अडवायचं सामान तेवढं बदलत गेलंय बघ.”

तो डब्याकडं बघत राहिला. त्याला माहीत होतं. सगळ्या तामलवाडीला माहीत होतं. तो चहा न पिता गेला. जाताना मात्र म्हणाला, “पंधरा दिवस. न्हाईतर मी चाललो.” सिस्टरच्या घरून कुणी चहा न पिता जाणं ही त्यांना शिवी वाटायची, आणि कपातला चहा त्यांनी मला प्यायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या माझ्या काउंटरवर उभ्या होत्या. घरी त्या मला तू म्हणायच्या, माकड म्हणायच्या, पण काउंटरवर एकदम तुम्ही आणि साहेब.

“साहेब, एक सायकल धाडायची हाय. किती पडंल?”

मी पिनकोड टाकला. दारापर्यंत सेवा नव्हती. तालुक्याच्या डेपोपर्यंत जाईल, पुढं पोरीला येऊन न्यावी लागेल. सायकलच्या खोक्याची नेहमीची मापं टाकली आणि सांगितलं, “चाळीस किलोचे पैसे होतील.”

“माझी सायकल अठरा किलोची हाय. वरचे बावीस कुनाचे?”

“आकारमानाचे, सिस्टर. खोकं गाडीत जेवढी जागा अडवतं, तिचं वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि कंपनीनं ठरवलेल्या आकड्यानं भागायचं. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त, त्याचे पैसे.”

“म्हंजी हवेचं.”

“हवेचं नाही हो, जागेचं.”

“जागंत काय असतंय? हवाच की. माझ्या सायकलीभोवतीची बावीस किलो हवा तुमी गडचिरोलीला न्यायलाव. तिथं हवा न्हाय का?” मागं रांगेत पाच-सहाजण होते, ते हसायला लागले. “टायरातली तेवढी सोडून आनते साहेब, तिचं तरी कमी करा.”

मी ओशाळलो आणि थोडा चिडलोही. नियम मी केला नव्हता. पण दिवसाला वीस जणांना तोच हिशोब सांगत होतो आणि त्यातलं बावीस किलो काय आहे, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

त्यांनी सगळीकडं चौकशी केली. एसटीनं तीन ठिकाणी उतरवून चढवावी लागणार होती. रेल्वेनं बल्लारशापर्यंत गेली असती, पुढं वाली कोण? ट्रान्सपोर्टचे ट्रक नागपूरपर्यंतच. सगळे एकच सांगायचे, जुनी भंगारात घाला आणि पोरीला तिथंच नवी घेऊन द्या. सिस्टर विचारायच्या, “नवीला डब्याची चौकट कोन जोडनार?” संध्याकाळी ताटात भाकरी टाकताना त्या म्हणाल्या, “आता क्लार्क म्हनून बोलू नकोस. भाडेकरू म्हनून सांग. कमीत कमी कसं बसंल?”

मग मी सांगितलं. दोन्ही चाकं काढायची आणि दांडीच्या दोन बाजूंना झोपवायची. हँडल काढून दांडीलगत सरकवायचं. मडगार्ड, सीट, पायडल सगळं सुटं. जेवढं खोकं लहान, तेवढी हवा कमी. सिस्टरनी भाकरी अर्धवट टाकून टेप काढली.

रविवारी सायकल खोलायला घेतली. सगळं सुटलं, पण डावं पायडल सुटेना. मी पान्ह्याला जोर लावला, सिस्टरनी लावला, रॉकेल घातलं, हातोडी मारली. शेवटी सिस्टर पान्ह्यावर उभ्या राहिल्या आणि मी सायकल धरली. दोन तास झाले, पायडल तसूभर हललं नाही. उलट जास्तच बसत चाललं होतं. स्टँडजवळच्या सायकलवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी आम्हा दोघांकडं बघितलं आणि ते पायरीवर बसून हसत सुटले.

“सिस्टर, चाळीस साल चालवली आन् येवढं म्हाईत न्हाय? डावं पायडल उलटं खुलतं. तुमी दोन तास झाले कसायलाव.”

“उलटं का?”

“चालवताना आपोआप सुटू नये म्हनून.”

सिस्टरनी क्षणभर विचार केला. “मग बरोबर हाय,” म्हणाल्या आणि पान्हा चाचांच्या हातात दिला. मला तेव्हा त्यांचं एक गणित कळलं. ज्या नियमाला कारण असेल, तो त्या निमूट पाळायच्या. पोरीसाठी एका चिठ्ठीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘डावं पायडल उलटं फिरव’, आणि ती सीटच्या खाली चिकटवली.

मग वजन. वजनाच्या मशीनवर सायकलचा सांगाडा काही उभा राहीना. तेव्हा सिस्टरनी आतून लहान बाळं तोलायची तराजूची झोळी आणली. पडवीच्या आढ्याला तिचा हूक अडकवला आणि सायकलची दांडी झोळीत घालून टांगली. चाकं नंतर, हँडल नंतर. शेजारच्या बायका बघायला जमल्या. एक म्हणाली, “काय झालं सिस्टर, पोरगा का पोरगी?” सिस्टर झोळीवरचा आकडा वाचत म्हणाल्या, “पोरगी. नोकरीला निघाली.” भिंतीवर माझ्या नावाखाली त्यांनी सायकलचं वजन लिहिलं, अठरा किलो दोनशे. गाव अणदूर.

चाचांच्या ओळखीनं नव्या सायकलचं रिकामं खोकं मिळालं. ते विळ्यानं कापून छोटं केलं. मोडू नये म्हणून काहीतरी गुंडाळायला हवं होतं. सिस्टरनी ट्रंक उघडली आणि त्यांच्या नोकरीतल्या पांढऱ्या साड्या काढल्या. सहा साड्या होत्या. मी म्हणालो, जुनी पोती आणतो, ह्या ठेवा. त्या म्हणाल्या, “ठिवून काय करू? ह्या सायकलबरूबरच फिरल्यात, ओळख हाय त्यांची.” आणि दांडीला साडीचे वेढे द्यायला लागल्या. टेप धरायचं काम माझ्याकडं होतं.

खोक्याचं आकारमानाचं वजन पंचवीस किलो बसलं, खरं वजन वीस. सिस्टरचं समाधान होईना.

“पाच किलो हवा ऱ्हायलीच की.”

“तेवढी राहणारच.”

“मग हवेच्या जागी सामान घालू. भाडं भरायचंच हाय.” पंप, दोन ट्यूब, पंक्चरचं सोल्यूशन, पान्हे, त्यांचा रेनकोट, एक गुळाची ढेप. रिकामी फट दिसली की त्या तिथं शेंगदाण्याची पुरचुंडी कोंबायच्या. चोवीस किलो नऊशे झाल्यावरच त्यांनी खोकं बंद केलं. मधोमध पोट आलं तर गुडघा दाबून धरला आणि बँडेजच्या पट्ट्यांनी, हाड मोडल्यावर बांधतात तसं, आवळून बांधलं.

काउंटरवर मी मापं घेतली, त्यांनी माझ्यामागून परत घेतली. पंचवीस. मी बुकिंग सुरू करणार तोच विभागीय साहेबांचा दुसऱ्या कामासाठी फोन आला. समोर काय आहे म्हणून विचारलं आणि मी गाढवासारखं खरं सांगितलं.

“जुनी सायकल? अजिबात घेऊ नको. मोडली म्हणून भांडत येतील.”

फोन स्पीकरवर नव्हता, पण साहेबांचा आवाज मोठा होता. सिस्टरनी हात पुढं केला आणि मी फोन दिला.

“साहेब, जुनी घ्यायची न्हाय, असा नियम हाय का?”

“हो, नियम आहे.”

“कागदावर दाखवा. तुमी बोलला म्हनून न्हाय.”

साहेब म्हणाले, क्लार्कला विचारा, आणि फोन ठेवला. सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. मी नियमांची फाईल काढली. ती मी रुजू झाल्यापासून उघडली नव्हती. वापरलेल्या वस्तू नीट बांधलेल्या असतील तर पाठवणाऱ्याच्या जोखमीवर घ्याव्यात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नियमच नव्हता. साहेबाला कटकट नको होती, एवढंच.

मी साहेबांना फोन लावून पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तुला लई कळतं का? करायचं तर तुझ्या जबाबदारीवर कर, मग बघतो.” पुढं त्यांनी बघितलंही. महिन्याभरात मेमो आला, आणि वर्ष संपायच्या आत परंड्याला बदली. पण त्या क्षणी, खरं सांगतो, मला आयुष्यात पहिल्यांदा आपण नोकरी करतोय असं वाटलं. मी बुकिंग केलं.

“पावती,” सिस्टर म्हणाल्या.

“मोबाईलवर मेसेज येतो, सिस्टर.”

“मेसेज नको, कागद पायजे. आमचा खंडोबा मुक्कामाला नळदुर्गला जातो, तवा दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतेत. कधी न्यायचा, कधी वापस आनायचा, सगळं कागदावर. देवाला कागद लागतो, मग माझी सायकल तोंडी कशी जाईल?”

मी छापील पावती शिक्का मारून दिली. त्यांनी ती घडी करून चोळीत ठेवली आणि चालत घरी निघाल्या. अणदूरच्या लोकांनी सिस्टरना चालताना कधी बघितलं नव्हतं. जो तो विचारायचा, “सिस्टर, सायकल कुठं?” त्या सांगायच्या, “कामावर गेली.”

खोकं नागपूरच्या गोदामात जाऊन अडकलं. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. स्क्रीनवर तीच ओळ. रोज सकाळी सिस्टर पायी यायच्या आणि विचारायच्या, “काय म्हनती बाळंतीन?” मी म्हणायचो, तिथंच आहे. त्या म्हणायच्या, “अडली असंल. धीर धर.” पण त्यांचाच धीर सुटत चालला होता. एक तारखेला त्यांनी माझं वजन केलं, भिंतीवर लिहिलं, आणि मग स्वतः मशीनवर उभ्या राहिल्या. तीन किलोनं उतरल्या होत्या. तो आकडा त्यांनी भिंतीवर लिहिला नाही.

मी नागपूरला रोज फोन करत होतो. कधी विनवणी, कधी शिव्या. सातव्या दिवशी खोकं हललं. बापानं दिलेल्या मुदतीच्या पंधराव्या दिवशी सकाळी पोरीचा बाप गाडी करून तामलवाडीहून निघाला, आणि त्याच दिवशी दुपारी स्क्रीनवर आलं, ‘डेपोत पोहोचले’. पोरीला फोन लागेना. बापाचाही लागेना. पुढचे चार दिवस घरात मी आणि सिस्टर एकमेकांशी धड बोललो नाही. पोर गाडीत बसून परत आली असेल, हे दोघांच्याही मनात होतं आणि कुणीच उच्चारत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी बाप आला. एकटा. टोपी हातात, आणि खांद्याला सायकलचा नवाकोरा टायर अडकवलेला. आम्ही दोघंही काही विचारायच्या आत तो पडवीच्या पायरीवर टेकला.

“लस न्यायला तालुक्याला आल्ती, तिथंच मी गाठली. डेपोचा मेसेज आल्ता तिला, दारातच सायकल जोडली तिनं,” तो म्हणाला. “तिथला एकजन मदतीला आला तर म्हनली, डावं पायडल उलटं असतं, मला म्हाईत हाय. मी म्हनलं, चल, गाडी उभी हाय. तर तिनं माझा हात धरून निळ्या डब्यावर ठिवला. गार होता. म्हनली, आप्पा, हे गार हाय तवर मला पोचायचंय. आन् गेली की हो.”

“मग तू?”

“मी काय, चाललो मागं मागं. दमलो. कोसभर गेलो तर वाटंत बसून पंक्चर काढायली. मला म्हनली पंप मारा. मारला.” त्यानं खिशातून काडेपेटी काढली. “हे सिस्टरना द्या म्हनली.”

काडेपेटीत एक काटा होता. सिस्टरनी तो तळहातावर घेतला, चष्मा वर करून बघितला. “आपल्याकडचा न्हाय,” म्हणाल्या. कोनाड्यातला डबा काढून त्यात टाकला. बाप त्या उघड्या डब्यात बघत होता. खाली मान घालून त्यानं विचारलं, “ह्यातले आमच्या आबाचे किती असतील, सिस्टर?”

“मोजले न्हाईत,” सिस्टर म्हणाल्या.

ज्यांना शेजाऱ्याचं कुंपणही टेपेनं मोजल्याशिवाय चैन पडायची नाही, त्यांनी ते मोजले नव्हते. त्या झाकण लावत होत्या.

मग त्यांनी वजनाचं मशीन पायानं पुढं सरकवलं आणि बापाला उभं केलं. “वाळलास की रे. आधी जेव.” तो जेवला, चहाही प्यायला, आणि मग मला म्हणाला, “साहेब, मागचा टायर गुळगुळीत झालाय तिचा. ह्यो धाडायचाय. किती पडंल?”

मी टायर हातात घेतला. खांद्याला अडकवला तर काहीच नाही, पण खोक्यात घातला की मधल्या पोकळीचंही वजन लागणार. मी सिस्टरकडं बघितलं. त्या आधीच उठल्या होत्या. टायर पडवीत आडवा टाकला आणि त्या पोकळीत एकेक वस्तू रचायला लागल्या. कडक भाकरीची चवड, शेंगाच्या चटणीचा डबा, पायाला लावायचं तेल. बाप म्हणाला, थांबा, आणि बाहेर उभ्या गाडीतून एक गाठोडं आणलं. पोरीच्या आईनं दिलं होतं, परत येताना गाडीत तिला द्यायला. तेही बरोबर मधोमध बसलं.

काउंटरवर मी फॉर्म पुढं ठेवला. पाठवणाऱ्याच्या रकान्याशी बाप थांबला. “सिस्टरचं नाव लिहू?” त्यानं विचारलं.

“माझं कशाला? बाप कोन हाय?”

त्यानं पेन घट्ट धरला आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, मुक्काम तामलवाडी, एकेक अक्षर इतकं दाबून की खालच्या कागदावर उमटलं. मग वळून निघाला, तर सिस्टरनी मागून त्याचा सदरा धरला.

“पावती घे,” त्या म्हणाल्या. “तोंडी काय खरं न्हाय.”